सेनापतीवरचा खटला चालायला हवा होता

१ जुलै १८६६. उत्तर जर्मनीतल्या प्रशियाशी युद्ध चालू आहे, आणि बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) क्योनिगग्रेट्सजवळ ऑस्ट्रियाच्या उत्तर सैन्याचा तळ पडला आहे. चिखल, रस्त्यात तुंबलेल्या सामानाच्या गाड्या, आणि चार दिवस लागोपाठ मार खाऊन मागे आलेल्या पलटणी. सरसेनापती लुडविग फॉन बेनेडेक व्हिएन्नाला सम्राटाच्या नावे तार करतो: वाटेल ती किंमत मोजा पण तह करा, सैन्याचा सर्वनाश अटळ आहे.

सम्राट फ्रान्झ योझेफचे उत्तर त्याच दिवशी आले. तह करणे अशक्य. माघार टळतच नसेल तर ती शिस्तीत घ्यायला परवानगी आहे. आणि शेवटी एक शेपटी: 'लढाई झाली का?' हे शेवटचे वाक्य सम्राटाचे नव्हते, त्याचा अ‍ॅडज्युटंट जनरल काउंट क्रेनव्हिल याने ते जोडले होते. पण तार वाचणाऱ्याला हे कुठून कळणार? त्याने वाचले ते एवढेच, की लढाईच केली नाहीस तर कसला सर्वनाश आणि कसला तह. दोन दिवसांनी, ३ जुलैला, ती लढाई झाली. ऑस्ट्रियाच्या बाजूची सुमारे ४४ हजार माणसे गेली. मेलेली, जखमी, बेपत्ता आणि जवळजवळ निम्मी कैद झालेली. प्रशियाचे नुकसान नऊ हजारांच्या आसपास.

या पराभवाचे खापर बेनेडेकवर फुटले. त्याच्यावर चौकशी बसली, ती सम्राटाने थांबवली, आणि म्हातारा सेनापती पुढची पंधरा वर्षे एक शब्दही न बोलता मेला. त्याच्याबद्दल जे लिहिले जाते त्यात या मौनाचे फार कौतुक असते. खरा शिपाई, धन्यासाठी विषाचा पेला प्यायला, वगैरे. मला हे कौतुक मुळीच पटत नाही. ते मौन त्याच्याकडून लिहून घेतलेले होते. आणि खटला थांबवणे ही दयाही नव्हती. बेनेडेकवर खटला चालायलाच हवा होता. तो निर्दोष होता म्हणून मी हे म्हणत नाही. तो निर्दोष नव्हताच.

आधी माणूस कोण होता ते पाहू. बेनेडेकचा जन्म १८०४ चा, हंगेरीतल्या शोप्रोनचा. बाप डॉक्टर, घर प्रॉटेस्टंट. ऑस्ट्रियाच्या लष्करात वरच्या जागा बहुतेक कॅथलिक सरदारांच्या मुलांना मिळत, त्या काळात ही दोन्ही लक्षणे अडचणीचीच. व्हीनर नॉयश्टाटच्या लष्करी अकादमीतून तो १८२२ मध्ये बाहेर पडला आणि पुढे इटलीत रुळला. १८४९ मध्ये मोर्ताराला त्याने संध्याकाळच्या अंधारात आपली तुकडी थेट गावात घुसवली आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त शत्रूला शस्त्रे खाली ठेवायला लावली. पुढे तो इटलीतल्या ऑस्ट्रियन सैन्याचा सेनापती म्हातारा राडेत्स्की याचा चीफ ऑफ स्टाफ झाला. १८५९ मध्ये फ्रान्स आणि सार्डिनियाच्या राज्याविरुद्धच्या युद्धात सोल्फेरिनोला सम्राट स्वतः सैन्य चालवत होता आणि हरला; त्याच दिवशी शेजारच्या सान मार्टिनोच्या टेकड्यांवर बेनेडेकच्या कोअरने, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या दलाने, सार्डिनियाचे हल्ले परतवून लावले आणि हुकूम आल्यावरच तो मागे सरला. हरलेल्या युद्धातला एकमेव न हरलेला जनरल. अशा माणसावर लोक जीव टाकतात. व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रांनीही टाकला.

त्याच्या मर्यादाही तिथेच दिसत होत्या. घोड्यावर बसून समोर दिसणारे सैन्य हलवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण दोन लाख माणसे, आगगाड्यांची वेळापत्रके, चार बाजूंनी येणारा शत्रू, हे सगळे नकाशावर मांडून विचार करायचा तर त्याला कंटाळा येई. पुस्तकी युद्धशास्त्राची त्याला चीड होती आणि ती तो लपवतही नसे.

आणि ही गोष्ट त्याला स्वतःला माहीत होती. १८६६ च्या वसंतात प्रशिया आणि इटली अशा दोन्ही आघाड्यांवर युद्ध येणार हे दिसू लागले तेव्हा त्याने उत्तरेची नेमणूक नको म्हणून सांगितले. इटलीतले मिलानपर्यंतचे झाड न् झाड मला ठाऊक आहे, बोहेमियात मी गाढव ठरेन, अशा अर्थाचे त्याचे बोलणे होते. तरी त्याला तिकडेच पाठवले. लोकांना तोच हवा आहे, म्हणाले. इटलीची आघाडी मिळाली सम्राटाचा नातलग आर्चड्यूक आल्ब्रेख्त याला. एवढेच नाही, व्हेरोनात बेनेडेकच्या हाताखाली तयार झालेला चीफ ऑफ स्टाफ, फ्रान्झ फॉन जॉन, तोही आल्ब्रेख्तकडेच राहिला. म्हणजे ज्याला इटली पाठ होती त्याची इटली गेली, सोबत त्याचा उजवा हातही गेला, आणि बदल्यात स्टाफवर मिळाले हेनिकश्टाइन आणि क्रिस्मानिच. यातला क्रिस्मानिच अठराव्या शतकातल्या लढायांचा मोठा अभ्यासक. त्याच्या लेखी युद्ध म्हणजे मोक्याची टेकडी धरून बसणे.

का पाठवले? राजघराण्यातला माणूस प्रशियाकडून हरता कामा नये, हे त्याचे सरळ उत्तर. इटलीत जिंकण्याची शक्यता अधिक होती. आल्ब्रेख्त तिथे जिंकलाही, २४ जूनला, कुस्तोझाला.

आता यातली मेख बघा. १२ जून १८६६ ला, म्हणजे कुस्तोझाच्या बारा दिवस आधी, ऑस्ट्रियाने फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनशी गुप्त करार केला होता. फ्रान्सने तटस्थ राहायचे आणि ऑस्ट्रियाने, प्रशियाविरुद्ध जिंकला तरीसुद्धा, व्हेनिसभोवतालचा व्हेनेशिया प्रांत फ्रान्सच्या हवाली करायचा. तिथून तो इटलीला जाणार. ज्या प्रांताच्या रक्षणासाठी आल्ब्रेख्तच्या हाताखाली सत्तर हजारांवर फौज उभी होती तो प्रांत सहीनिशी देऊन टाकलेला होता! लष्कराच्या अब्रूसाठी ती लढाई आवश्यक होती असे म्हणणारे आहेत. असतील. पण ती माणसे उत्तरेला असती तर काय झाले असते, हा प्रश्न कोणत्याही चौकशीत पहिल्या पाचांत आला असता. चौकशी थांबली, प्रश्न आला नाही.

दुसरा प्रश्न बंदुकीचा. प्रशियाच्या शिपायाकडे ड्रायझेची सुईबंदूक होती, मागून भरायची. जमिनीवर पालथे पडून तो मिनिटाला चार-पाच बार काढी. ऑस्ट्रियाची लोरेंझ बंदूक पुढून भरायची; म्हणजे उभे राहायचे, गज घालून ठासायचे, तोवर समोरच्याने तुम्हाला टिपायचे. लोरेंझचा पल्ला ड्रायझेपेक्षा लांब होता आणि ऑस्ट्रियाच्या तोफा तर प्रशियाच्या तोफांहून सरस होत्या. पण १८५९ मध्ये फ्रेंचांनी संगिनी रोखून धावत येऊन आपल्याला हरवले, हा धडा ऑस्ट्रियाने इतका मनावर घेतला होता की आता तेच करायचे ठरले: दाट रांगा करा, संगिनी लावा, धावत सुटा. सुईबंदुकीसमोर याचे काय झाले ते २७ जूनला ट्राउटेनाउला दिसले. त्या संपूर्ण मोहिमेत ऑस्ट्रियाने प्रशियाला हरवले ते फक्त तिथे, आणि जिंकणाऱ्यांची माणसे हरणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त पडली. ही कवायत बेनेडेकने एकट्याने घरी बसून शोधलेली नव्हती. ती सैन्याची मान्य रीत होती, आणि बंदुकांवर खर्च करायचा की नाही हे व्हिएन्नात ठरत होते. आगगाडीचेही तसेच. प्रशियाकडे सरहद्दीपर्यंत सैन्य आणणारे पाच लोहमार्ग होते, ऑस्ट्रियाकडे एक.

मग बेनेडेकचा दोष काय? पुष्कळ आहे. २८ जूनपर्यंत प्रशियाची सैन्ये डोंगरांतल्या वेगवेगळ्या खिंडींतून उतरत होती आणि एकमेकांपासून तुटलेली होती. त्यातल्या एकावर सगळ्या ताकदीनिशी पडायची संधी होती. तो पडला नाही. कोअरमागून कोअर सुटेसुटे झुंजत राहिले. १ जुलैच्या तारेनंतर त्याने माघारही घेतली नाही. एल्बे नदी पाठीशी घेऊन तो तिथेच थांबला. लढाईच्या आदल्या दिवशी त्याने जनरलांची बैठक घेतली, तीत उद्याच्या लढाईचा आराखडाच मांडला नाही. हुकूम गेले रात्री उशिरा.

आणि मग तो दिवस. सकाळी पाऊस, धुके. मध्यभागी लिपाच्या टेकडीवर बेनेडेक घोड्यावर. तोफांनी प्रशियाचे पहिले सैन्य बिस्ट्रिट्झ ओढ्याच्या काठी दाबून धरले होते, दुपारपर्यंत पारडे ऑस्ट्रियाकडे झुकलेलेही होते. उजव्या बगलेवर नेमलेल्या दोन कोअरना मात्र समोरच्या स्विब जंगलातला शत्रू दिसला आणि ती नेमलेली जागा सोडून त्या रानात शिरली. झाडांत प्रशियाची एकच डिव्हिजन होती. तिला हुसकण्यासाठी ऑस्ट्रियाच्या चाळीसहून अधिक बटालियन एकामागून एक खर्ची पडल्या. बगल उघडी पडली. बेनेडेकने त्यांना परत बोलावले, पण परत येईतो उशीर झाला होता. प्रशियाच्या युवराजाचे दुसरे सैन्य धुक्यातून, उंच वाढलेल्या पिकांतून चढत ख्लुम गावात शिरले. ख्लुम म्हणजे बेनेडेकच्या पाठीमागचीच टेकडी. एका अधिकाऱ्याने येऊन खबर दिली, शत्रू ख्लुममध्ये आहे. बेनेडेक म्हणाला, काहीतरी बरळू नका. मग स्वतः घोडा काढून बघायला गेला आणि गावातून आलेल्या गोळ्यांच्या सरीत त्याच्या सोबतचे अधिकारी आणि घोडी कोसळली. त्या दिवशी संध्याकाळी एल्बेकडे धावणाऱ्या गर्दीला क्योनिगग्रेट्सच्या किल्ल्याचे दरवाजे बंद मिळाले आणि भोवती सोडलेल्या पाण्यात माणसे बुडाली. त्यातूनही सैन्याचा मोठा भाग वाचला तो मागे थांबून लढलेल्या तोफखान्यामुळे आणि घोडदळामुळे.

यात सेनापतीची चूक आहे, हुकूम मोडणाऱ्या कोअर कमांडरांची आहे, आणि ऐन लढाईच्या दिवशी क्रिस्मानिचला काढून त्याच्या जागी बाउमगार्टनला बसवण्याचा हुकूम धाडणाऱ्या व्हिएन्नाचीही आहे. कोणाची किती, हे ठरवायला न्यायासन असते.

ते न्यायासन बसायला सुरुवात झाली होती. पहिल्या कोअरचा बडा सरदार क्लाम-गालास चौकशीतून सहीसलामत सुटला. बेनेडेक, हेनिकश्टाइन आणि क्रिस्मानिच यांचे प्रकरण व्हीनर नॉयश्टाटला चालले. ज्या गावात बेनेडेक सैनिक झाला तेच हे गाव. बेनेडेकने बचाव केला नाही, सगळी जबाबदारी माझी, म्हणाला. मग सम्राटाने प्रकरण बंद करायला सांगितले. आणि नोव्हेंबर १८६६ मध्ये आल्ब्रेख्तने, हो, त्याच आल्ब्रेख्तने, बेनेडेककडून लेखी वचन घेतले: या मोहिमेबद्दल काहीही प्रसिद्ध करणार नाही, कुठे बचाव मांडणार नाही.

वचन हातात पडल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ८ डिसेंबरला, सरकारी 'व्हीनर त्साइटुंग'मध्ये लेख आला. उच्च बौद्धिक कुवत नसणे हा गुन्हा ठरवणारा कायदा कुठेच नाही, असे त्यात सभ्य भाषेत लिहिले होते. म्हणजे खटला का थांबवला? कारण मूर्खपणाला शिक्षा नसते. आपल्याकडे तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्याचे इतके चोख उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आधी तोंड दाबण्याची सही घ्यायची, मग बुक्की मारायची, आणि तीही सरकारी छापखान्यातून.

यावर नेहमीचे उत्तर असते की राज्य त्या वेळी मोडकळीला आले होते. हंगेरीशी वाटाघाटी चालू होत्या. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरी या दुहेरी राज्याची तडजोड झाली. अशा वेळी उघड खटल्यात सम्राटाच्या तारा, व्हेनेशियाचा करार, नेमणुकीमागचे राजकारण बाहेर आले असते तर सिंहासन हलले असते. युक्तिवाद पोकळ नाही. १८६६ च्या हिवाळ्यात व्हिएन्नात बसलेल्या माणसाला तो पटणे स्वाभाविक होते. पण मग गप्प बसायचे तर दोन्ही बाजूंनी बसावे. राज्याने स्वतः लेख छापून मौन मोडले, त्या क्षणी राज्यहिताची ढाल गळून पडली. उरली ती फक्त घराण्याची सोय.

खटल्याने माणूस संपतो असेही कोणी म्हणेल. याच साम्राज्यातला माक बघा. १८०५ मध्ये उल्मला नेपोलियनपुढे सैन्य शरण नेणारा हा जनरल. त्याच्यावर कोर्ट मार्शल झाले, हुद्दा गेला, मारिया थेरेसा पदक गेले, तुरुंग मिळाला. पण १८१९ मध्ये त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला. शिक्षेला शेवट असतो, निदान असू शकतो. बेनेडेकला शिक्षाच झाली नाही, म्हणून ती संपलीही नाही.

प्रकरण मिटवण्याची ही खोड त्या दरबारात मुरली होती. ४७ वर्षांनी, मे १९१३ मध्ये, कर्नल आल्फ्रेड रेडल रशियाचा हेर असल्याचे उघड झाले, तेव्हा वरिष्ठ अधिकारी रात्री त्याच्या हॉटेलच्या खोलीत गेले आणि त्याच्या हाती पिस्तूल मिळेल अशी तजवीज करून निघून आले. सैन्याची अब्रू वाचली असे त्यांना वाटले. रेडलने रशियाला नेमके काय काय विकले हे विचारायला मात्र पहाटे कोणी उरले नाही. चौदा महिन्यांनी महायुद्ध सुरू झाले.

हा प्रश्न ऑस्ट्रियापुरता आहे असे समजणाऱ्यांना १९६२ ची आठवण करून द्यायला हवी. चीनकडून मार खाल्ल्यावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, सेनाप्रमुख थापर गेले, जनरल कौल गेले. महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचे आपण आजही अभिमानाने सांगतो. त्याच यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी केलेल्या पराभवाच्या चौकशीबद्दल निवेदन केले. निवेदन झाले, अहवाल कपाटात राहिला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. सरकारने तो अधिकृतपणे अजून खुला केलेला नाही. चौकशीचा आवाकाही लष्करी कारवाईपुरताच होता. एक फरक मात्र मान्य करायला हवा: इथे मंत्र्यालाही जावे लागले. व्हिएन्नात ज्यांनी माणसे नेमली त्यांच्यापैकी कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

उलट त्यांचे बरेच झाले. जॉन त्याच शरद ऋतूत युद्धखात्याचा प्रमुख झाला होता. आल्ब्रेख्त १८९५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दशके, सैन्यातला सर्वांत वजनदार माणूस राहिला. व्हिएन्नात आल्बर्टिना संग्रहालयासमोर त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. आणि १८६९ मध्ये त्याने एक पुस्तिका काढली होती, तिचा विषय होता युद्धातली जबाबदारी. यावर मी काही बोलत नाही.

पराभवातून ऑस्ट्रिया काहीच शिकला नाही असे म्हणणे मात्र चूक ठरेल. मागून भरायच्या वेर्नडल बंदुका लगेच आल्या, १८६८ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला, स्टाफचे शिक्षण सुधारले. वस्तू बदलता आल्या, कारण बंदुकीला अब्रू नसते. कोणाला, का आणि कोणाच्या सांगण्यावरून नेमायचे, ही गोष्ट तशीच राहिली, कारण ती कोणत्याही कागदावर आलीच नव्हती. १९१४ च्या शरद ऋतूत साम्राज्याच्या पूर्वेकडच्या गॅलिशियात रशियाविरुद्ध पुन्हा धावत हल्ले झाले, आणि काही आठवड्यांत लाखोंनी माणसे गेली.

बेनेडेक ग्राझला राहायला गेला. दिलेले वचन त्याने पाळले. मोहिमेबद्दलचे आपले कागद त्याने जाळून टाकले, आणि हे मला त्याच्या सगळ्या चुकांतले सर्वांत अक्षम्य वाटते. लिपाच्या टेकडीवरची चूक घाईतली होती, ही सावकाश केलेली. ते कागद त्याच्या एकट्याचे नव्हते. स्विबच्या जंगलात जे पडले त्यांचाही त्यांच्यावर हक्क होता.

१८७३ च्या मृत्युपत्रात तेवढे तो बोलला. मी गप्प राहण्याचे वचन दिले असताना सरकारने तो लेख छापावा, हे माझ्या न्यायाच्या आणि सभ्यतेच्या कल्पनेत बसत नाही, असे त्याने लिहिले. आणि आणखी एक सूचना केली: मला लष्करी मानवंदना नको, गणवेशही घालू नका. २७ एप्रिल १८८१ ला तो वारला. अठराव्या वर्षी अंगावर चढवलेला गणवेश बाजूला ठेवून त्याला साध्या कपड्यांत पुरले.